स्पेसमध्ये वजन गेलं की शरीर काय काय उद्योग करतं

मार्च २०२५ मध्ये सुनीता विल्यम्स स्पेस स्टेशनवरून परत आल्या, कॅप्सूलमधून त्यांना बाहेर काढून स्ट्रेचरवर ठेवलं, आणि आपल्याकडच्या न्यूज चॅनलना असं काही चढलं की विचारू नका. आठेक दिवसांसाठी गेल्या आणि २८६ दिवस राहिल्या हे खरंच होतं, पण त्यावर जी फोडणी बसली ती भलतीच. हाडं पोकळ झाली, आता नीट चालता येणार नाही, अजून काय काय. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांचा एक फोटो फिरत होता, गाल आत गेलेत म्हणून, तेव्हा तर लोकांनी फक्त श्रद्धांजली वाहायची बाकी ठेवली होती. आणि त्या स्वतः वरून व्हिडिओवर सांगत होत्या की माझं वजन आले तेव्हा होतं तेवढंच आहे, शरीरातलं पाणी जागा बदलतं म्हणून चेहरा वेगळा दिसतो, उलट व्यायामानं मांड्या जाड झाल्यात. पण ते कोण ऐकतंय.

स्ट्रेचरचं म्हणाल तर महिनोन् महिने वर राहून आलेल्या जवळपास प्रत्येकाला तसंच नेतात, ठणठणीत वाटत असलं तरी. उभं राहिलं आणि भोवळ येऊन पडलं तर उगाच डोकं फुटायचं, म्हणून ती खबरदारी.

मग खरं काय होतं? माझं म्हणणं असं की स्पेसमध्ये शरीर बिघडत नाही, ते तिथलं होऊन जातं. शरीर भयंकर काटकसरी असतं, जे वापरात नाही त्याच्यावर ते एक पैसा खर्च करत नाही. पायावर वजन येत नाही? मग पोटरीचे स्नायू एवढे कशाला पोसायचे. हाडांना भार नाही? मग त्यातलं कॅल्शियम काढून टाका. वरच्या हिशेबानं हे सगळे निर्णय अगदी बरोबर आहेत, घोळ एवढाच की त्या माणसाला परत खाली यायचं असतं आणि शरीराला ते कुणी सांगितलेलं नसतं.

आधी एक गैरसमज काढून टाकू, कारण तो शाळेपासून डोक्यात बसलेला असतो. वर ग्रॅव्हिटी नसते म्हणून माणसं तरंगतात असं आपल्याला वाटतं. स्पेस स्टेशन आपल्या डोक्यावर फक्त ४०० किलोमीटरवर आहे, म्हणजे आडवं मोजलं तर मुंबईपासून गोव्याच्या अलीकडेच कुठेतरी, आणि तिथे पृथ्वी जमिनीवरच्या जवळजवळ ८९ टक्के जोरानं ओढतच असते. तरंगायचं कारण वेगळं आहे. स्टेशन सतत पडतंय. ते आडवं इतक्या जोरात चाललंय, तासाला २८,००० किलोमीटर, की जितकं खाली पडतं तितकीच खालची पृथ्वी वळून बाजूला गेलेली असते, त्यामुळे पडणं काही संपत नाही आणि जमीन काही येत नाही. साधारण दीड तासात एक फेरी, दिवसात सोळा वेळा सूर्योदय. आतली माणसं, पाण्याचे थेंब, पेन, सगळं एकाच वेगानं पडतंय म्हणून कुणीच कुणावर टेकत नाही. आपल्याला जे वजन जाणवतं ते मुळात जमिनीनं तळपायाला खालून दिलेल्या रेट्यामुळे जाणवतं, तो रेटाच गेला की वजन गेलं.

आता हे वजन गेल्याचं शरीराला सगळ्यात आधी कुठे कळतं, तर रक्तात. इथे आपण दिवसभर उभे-बसलेले असतो, रक्त आणि बाकी पाणी पायाकडे ओढलं जातं, आणि ते वर ढकलायला हृदय, शिरांमधल्या झडपा, पोटऱ्यांचे स्नायू अशी सगळी यंत्रणा जन्मभर राबत असते. वर गेल्यावर खालची ओढ बंद, पण वर ढकलणारे कामावर हजरच. मग दोनेक लिटर पाणी पायांतून छाती-डोक्याकडे सरकतं. चेहरा सुजतो, मानेच्या शिरा फुगतात, पाय काटकुळे होतात, अ‍ॅस्ट्रोनॉट लोक त्याला गमतीनं कोंबडीचे पाय म्हणतात. नाक चोंदतं, डोकं जड होतं. शुभांशु शुक्ला २६ जून २०२५ ला स्पेस स्टेशनवर पोचले तेव्हा पहिल्याच बोलण्यात त्यांनी सांगितलं होतं की डोकं थोडं जड आहे, थोडा त्रास होतोय, पण या छोट्या गोष्टी आहेत. तो हा प्रकार.

नाक चोंदलं की चव जाते हे आपल्याला सर्दीत माहितीच आहे, त्यामुळे वर लोक तिखट सॉस मागून मागून खातात. शुक्लांनी सोबत आमरस, गाजर हलवा आणि मूगडाळीचा हलवा नेला होता, सगळंच गोड. पुढच्या वेळी कुणीतरी ठेचा पाठवा राव.

या सरकलेल्या पाण्याचा पुढचा परिणाम जास्त महत्त्वाचा आहे. छाती-डोक्याकडे एवढं पाणी आलंय म्हटल्यावर शरीराचा समज होतो की एकूणच पाणी जास्त झालं. तहान कमी लागते, आणि थोड्या दिवसांत रक्तातलं पाणी दहा-पंधरा टक्क्यांनी घटतं. तिथे काहीच बिघडत नाही, तेवढं रक्त तिथे पुरतं. हृदयालाही वर पंप करायचं काम उरत नाही, तेही थोडं आळसावतं, आकारानं जरा गोल होतं. हे सगळं उधारीवर चाललेलं असतं, वसुली परत आल्यावर.

दुसरी गडबड कानात. आपल्या आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक खडे असतात, जेलीसारख्या थरावर बसलेले, डोकं कलंडलं की ते कलंडतात आणि मेंदूला कळतं की खाली कुठे आहे. वजन गेलं की हे खडे कुठेच कलंडत नाहीत. डोळे सांगतात मी उलटा लटकलोय, कान म्हणतो मला काही कल्पना नाही, आणि मेंदूचा पार गोंधळ उडतो. घाटात एसटीत गाडी लागते तेव्हा हेच होत असतं, डोळे समोरच्या सीटकडे बघून सांगतात आपण स्थिर आहोत आणि कान सांगतो वळण चाललंय, आणि या भांडणाचा निकाल पोट लावतं. स्पेसमध्ये जाणाऱ्या साधारण तीनपैकी दोघांना पहिले दोन-तीन दिवस हा त्रास होतो, मळमळ, गरगरणं, उलट्या. त्यात ते फायटर पायलट असले तरी फरक पडत नाही, इथे कोलांट्या मारणाऱ्या विमानात मजेत बसणारा तिथे पिशवी धरून बसलेला असू शकतो, आणि कोणाला होईल हे आधी सांगणं अवघड असतं.

पहिला बळी सोव्हिएत अ‍ॅस्ट्रोनॉट गेरमान तितोव. गागारिन फक्त १०८ मिनिटं वर होता आणि खुर्चीला बांधलेला, त्याला काही जाणवलं नाही. ऑगस्ट १९६१ मध्ये तितोव गेला, वय २५, एक दिवसाहून जास्त वेळ राहिला आणि स्पेसमध्ये उलटी करणारा पहिला माणूस झाला. अमेरिकेत याबाबतीत नाव आहे ते सेनेटर जेक गार्न यांचं. १९८५ साली ते शटलमधून गेले आणि त्यांची इतकी वाईट अवस्था झाली की नासातल्या लोकांनी त्यांच्या नावानं मापच काढलं, एक गार्न म्हणजे यापेक्षा जास्त माणूस आजारी पडूच शकत नाही. बिचाऱ्याची सेनेटमधली कारकीर्द राहिली बाजूला. हसण्यावारी नेण्यासारखं मात्र नाही, कारण स्पेससूटच्या हेल्मेटमध्ये उलटी झाली तर ती खाली पडत नाही, तोंडासमोरच राहते, माणूस गुदमरून मरू शकतो. म्हणून नव्यानं पोचलेल्यांना पहिल्या दोन-तीन दिवसांत स्पेसवॉकला पाठवायचं टाळतात. १९६९ मध्ये अपोलो ९ वर रस्टी श्वाइकार्टला हा त्रास झाला तेव्हा त्याच्या स्पेसवॉकचा अख्खा प्लॅन बदलावा लागला होता.

आपल्या राकेश शर्मांनी एप्रिल १९८४ मध्ये सॅल्यूत ७ या सोव्हिएत स्टेशनवर योगासनं केली ती टीव्हीवर दाखवण्यापुरती नव्हती, योगाचा सराव असलेल्या माणसाला तिथे जुळवून घ्यायला मदत होते का हे बघायचा तो रीतसर प्रयोग होता. आसनं करताना स्वतःला पट्ट्यांनी बांधून घ्यावं लागत होतं, नाहीतर आसन घेतलं आणि निघाले तरंगत.

तीन-चार दिवसांत मेंदू शहाणा होतो. कानाचं ऐकणं सोडतो, डोळ्यांवर विश्वास ठेवतो, वर-खाली असं काही नसतंच असं मान्य करून टाकतो. मग मजा सुरू होते.

उंची पण वाढते. मणक्यांमधल्या गाद्या दिवसभर दाबल्या जात नाहीत, त्या फुगतात, कणा लांबतो, तीन टक्क्यांपर्यंत म्हणजे पाच सेंटीमीटरच्या आसपास. मुलींचं स्थळ बघणाऱ्यांनी खूश होऊ नये, परत आल्यावर उंची जशीच्या तशी होते, आणि वर असताना पाठ दुखते ती वेगळीच. जानेवारी २०१८ मध्ये जपानच्या नोरिशिगे कनाई यांनी ट्विट केलं की तीन आठवड्यांत मी ९ सेंटीमीटर वाढलो, आता परतीच्या सोयुझ या रशियन यानाच्या सीटमध्ये मावतोय की नाही याची काळजी वाटते. सोयुझची सीट प्रत्येकाच्या मापानं साच्यात घालून बनवलेली असते त्यामुळे काळजी रास्त होती. जगभर बातमी झाली, मग त्यांच्या कमांडरनं शंका घेतली म्हणून परत मोजलं तर भरली दोन सेंटीमीटर, आणि त्यांना माफी मागावी लागली.

आता येऊ खऱ्या मुद्द्याकडे, स्नायू आणि हाडं. इथे १९७० ची एक गोष्ट माहीत असलीच पाहिजे. त्या वर्षी जूनमध्ये आंद्रियान निकोलायेव आणि विताली सेवास्त्यानोव हे दोघे सोयुझ ९ मध्ये जवळजवळ १८ दिवस राहिले, तेव्हाचा रेकॉर्ड. जागा म्हणजे एका छोट्या कॅप्सूलएवढी, व्यायामाची सोय म्हणावी तर रबराचे पट्टे वगैरे. उतरले तेव्हा दोघांना बाहेर काढावं लागलं, उभं राहता येईना, स्वतःचं शरीर दुप्पट जड वाटत होतं, आणि पुढचे कित्येक दिवस नीट चालता येत नव्हतं. १८ दिवसांत ही हालत. महिनोन् महिने राहायची स्वप्नं बघणाऱ्या रशियन डॉक्टरांना घाम फुटला असणार, कारण त्यानंतर त्यांनी व्यायाम हा विषय असा काही मनावर घेतला की ट्रेडमिल, सायकल, दिवसभर अंगाला ताणून धरणारा इलॅस्टिकचा पेंग्विन सूट, सगळं स्टेशनवर आलं.

पंचवीस वर्षांनी, मार्च १९९५ मध्ये, वालेरी पोल्याकोव मीर स्टेशनवरून उतरला. ४३७ दिवस सलग, हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. हा माणूस स्वतः डॉक्टर, मंगळापर्यंत जाऊन माणूस पायावर उभा राहू शकतो का हेच त्याला बघायचं होतं. तो कॅप्सूलमधून निघाला आणि थोडं अंतर चालत जाऊन खुर्चीत बसला. १८ दिवसवाल्यांना उचलून नेलं आणि ४३७ दिवसवाला चालत गेला. या दोन लँडिंगमध्ये फरक काय तर घाम गाळलेला.

म्हणजे घाम पण तिथे गळत नाही म्हणा. तो अंगाला चिकटून राहतो, पाण्याचा थर जमत जातो, टॉवेलनं टिपावा लागतो, आणि हवेत गेलेली वाफ पकडून तिचंच पुन्हा प्यायचं पाणी करतात.

स्नायूंत सगळ्यात आधी जातात ते आपल्याला उभं धरणारे, पोटरीचे, मांडीचे, पाठीचे आणि मानेचे. नासाचे आकडे सांगतात की पाच ते अकरा दिवसांच्या ट्रिपमध्येच स्नायू वीस टक्क्यांपर्यंत घटू शकतात. आणि पाय करणार काय तिकडे? इकडून तिकडे जायचं तर हातानं ढकलायचं. पायाच्या तळव्यांची जाड कातडी निघून ती लहान मुलासारखी मऊ होते आणि पायाच्या वरच्या बाजूला घट्टे पडतात, कारण स्थिर राहायला पाऊल रेलिंगखाली अडकवून ठेवायचं असतं. मोजे काढताना सांभाळून काढावे लागतात, नाहीतर मेलेल्या कातडीचे तुकडे केबिनभर फिरतात. जेवताना वाचत असाल तर सॉरी.

हाडांचं जरा खोलात जाऊन सांगतो. हाड म्हणजे दगडासारखं घट्ट काहीतरी, एकदा बनलं की बनलं, असं वाटतं पण तसं नाहीये. हाडात दोन प्रकारच्या पेशी कायम कामाला असतात, एक जुनं हाड खोदून काढणाऱ्या आणि दुसऱ्या नवीन भरणाऱ्या. कुठे किती भरायचं हे ठरतं भारावरून, चालताना प्रत्येक पावलाला हाड किंचित वाकतं-दबतं, आतल्या पेशींना ते कळतं आणि इथे मजबुती हवी असा निरोप जातो. वर निरोप बंद होतो. खोदणाऱ्या पेशी जोरात, भरणाऱ्या मंद. खुब्याच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्यानं घटते. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं ठिसूळ होतात तेव्हा साधारण तेवढं वर्षभरात जातं, यावरून वेग लक्षात घ्या. सहा महिन्यांच्या ड्यूटीत एरवी कित्येक वर्षांत जाईल तेवढं हाड जाऊ शकतं. ते कॅल्शियम रक्तात उतरतं, तिथून लघवीत, आणि मग मुतखड्याची भीती. मुतखडा ज्याला झालाय त्याला विचारा, ती कळ घेऊन स्पेसमध्ये लोळायलाही जमीन नाही.

कवटीचं हाड मात्र टिकून राहतं, ते पायाच्या हाडांसारखं झिजत नाही.

स्नायू परत आल्यावर बऱ्यापैकी लवकर भरून येतात, हाडं नाही. २०२२ मध्ये १७ अ‍ॅस्ट्रोनॉटवरचा एक अभ्यास आला, परतल्यानंतर वर्ष झालं तरी अर्ध्याहून जास्त जणांच्या नडगीच्या हाडाची ताकद पूर्वीसारखी झाली नव्हती, आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेल्यांचं जास्त वाईट. म्हणजे चॅनलवाल्यांच्या बोंबेत थोडं तथ्य होतं, पण पोकळ बिकळ काही नसतं.

यावर उपाय व्यायाम, दिवसाला दोन-अडीच तास, तयारी आणि आवराआवर धरून. वजनं उचलायची तर वजनाला वजनच नाही, म्हणून २००८ पासून स्टेशनवर एक मशीन आहे ज्यात व्हॅक्यूमच्या सिलिंडरविरुद्ध जोर लावायचा असतो, २७० किलोपर्यंतचा भार सेट करता येतो. स्क्वॉट, डेडलिफ्ट सगळं होतं त्यावर. ट्रेडमिलवर पळायचं तर पहिल्याच पावलाला माणूस वर उडेल, म्हणून खांद्यावर-कमरेला हार्नेस आणि रबरी दोऱ्यांनी खाली ओढून धरतात. सायकल आहे तिला सीट नाही, बसायला वजन लागतं ना. एप्रिल २००७ मध्ये याच सुनीता विल्यम्सनी असं बांधून घेऊन बोस्टन मॅरेथॉन स्टेशनवरच्या ट्रेडमिलवर पळून पूर्ण केली, साडेचार तासांच्या आत. तेवढ्या वेळात खाली पृथ्वीला जवळजवळ तीन फेऱ्या झाल्या. आणि ही बाई गळून गेली म्हणून आपण सोफ्यावर बसून हळहळत होतो, ज्यातल्या निम्म्यांना जिना चढल्यावर धाप लागते.

व्यायामानं सगळं सुटतं असंही नाही. एक केस अशी आहे की वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. स्टेशनवर ११ जणांच्या मानेतल्या शिरेची सोनोग्राफी करून रक्त कसं वाहतंय हे बघायचा अभ्यास चालला होता. डोक्यातून रक्त खाली यायला इथे ग्रॅव्हिटीची मदत होते, तिथे ती नाही, तर ११ पैकी ६ जणांच्या त्या शिरेत रक्त थबकलेलं किंवा चक्क उलटं वाहताना दिसलं. आणि एकाच्या शिरेत गुठळी. मुक्कामाला दोनेक महिने झालेले, त्रास काहीच नाही, अभ्यासासाठी बघितलं नसतं तर कळलंच नसतं. नाव जाहीर केलेलं नाही, ते बरंच केलं. आता करायचं काय? जवळचं हॉस्पिटल ४०० किलोमीटर खाली. स्टेशनच्या औषधपेटीत रक्त पातळ करणारी इंजेक्शनं होती पण मोजकीच, ती पुरवून पुरवून वापरायची होती. नॉर्थ कॅरोलायनातल्या गुठळीतज्ज्ञ डॉक्टर स्टीफन मोल यांचा सल्ला घेतला गेला, सहाएक आठवडे इंजेक्शनं, मग पुढच्या सामानाच्या यानातून गोळ्या आल्या त्या सुरू केल्या. आता बघा, तरंगत्या माणसानं तरंगत्या बाटलीतून सिरिंज भरायची, तिथे बाटलीतलं औषध तळाशी बसत नाही, हवा आणि औषध मिसळलेलं. शेवटी माणूस सुखरूप परत आला, पुढे इलाजही लागला नाही. २०२० च्या सुरुवातीला हे छापून आलं आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की कित्येक वर्षं माणसं वर पाठवतोय आणि असंही होऊ शकतं हे आत्ता कळतंय.

डोळ्यांचं असंच उशिरा कळलं. २००५ मध्ये जॉन फिलिप्स नावाच्या अ‍ॅस्ट्रोनॉटला खिडकीतून पृथ्वी धूसर दिसायला लागली, आणि परत आल्यावर तपासलं तर नजर बरीच उतरलेली. मग बाकीच्यांना विचारलं तर अरे मला पण, मला पण. लांब मुक्काम करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या डोळ्याचा गोल मागून चपटा होतो, डोळ्यामागची नस सुजते, जवळचं नीट दिसत नाही. नेमकं कारण अजून वादात आहे, पण मोठा संशय त्या सरकलेल्या पाण्यावरच. इथे आपण झोपतो तेव्हाही डोक्यातला दाब वाढतो, पण सकाळी उठून उभं राहिलं की डोक्याला सुटका मिळते. तिथे माणूस सहा-सहा महिने कधी उभाच राहत नाही, तरंगत असला तरी डोक्याच्या दृष्टीनं तो आडवाच. म्हणून आता चष्मे आधीच सोबत देऊन ठेवतात.

जीन्सबद्दल पण एक अफवा पक्की बसलीय. स्कॉट केली २०१५-१६ मध्ये ३४० दिवस वर होता, आणि त्याचा जुळा भाऊ मार्क, तोही अ‍ॅस्ट्रोनॉट, खाली. दोघांची सतत तपासणी करून तुलना केली. २०१८ मध्ये बातम्या आल्या की स्कॉटचा ७ टक्के डीएनए बदलला. डीएनए ७ टक्के बदलला असता तर तो माणूस म्हणून परत आलाच नसता, चिंपांझी पण आपल्यापासून तेवढा लांब नाही. खरं असं होतं की वर गेल्यावर कुठले जीन्स चालू आणि कुठले बंद याची घडी बदलली होती, त्यातली ९३ टक्के परतल्यावर पूर्ववत झाली आणि ७ टक्के सहा महिन्यांनंतरही झाली नव्हती.

रेडिएशनचा विषय मी इथे घेतच नाहीये, तो वजनाशी संबंधित नाही आणि एवढा मोठा आहे की वेगळा लिहावा लागेल.

आता परत येणं. उतरताना आधी शरीराच्या काही पट भार छातीवर येतो, मग धप्पकन जमीन किंवा समुद्र, आणि मग सगळी उधारी एकदम वसूल व्हायला लागते. रक्त कमी आहे, हृदय आळसावलंय, पायांच्या शिरा आवळायचं विसरल्यात, आणि अचानक सगळं रक्त पायाकडे पळतं. उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी. म्हणून उतरायच्या आधी मीठ आणि भरपूर पाणी घ्यायला लावतात, आत पाय घट्ट आवळणारे कपडे असतात. २००६ मध्ये हायडमेरी स्टेफनिशिन-पायपर फक्त १२ दिवस राहून आल्या होत्या, दुसऱ्या दिवशी स्वागताच्या कार्यक्रमात बोलता बोलता त्या स्टेजवर दोनदा कोसळल्या. कानातले खडे पुन्हा जागे होतात आणि मान वळवली तरी खोली फिरते. मेंदूला सवयी सोडायला वेळ लागतो तो वेगळाच. शुक्लांनी आल्यावर सांगितलं की फोटो काढायला मोबाइल हातात घेतला तर तो केवढा जड वाटला, आणि पलंगावर काम करता करता लॅपटॉप बाजूला हवेत सोडून दिला, तरंगेल म्हणून. नशीब खाली कार्पेट होतं. वीस दिवस फक्त. नासा लांबच्या मुक्कामानंतर दीड महिना रोज दोन तास व्यायाम करून घेते.

हे सगळं अभ्यासायला दर वेळी रॉकेट लागतं असं नाही बरं का. जर्मनीत कोलोनला २०१९ मध्ये माणसांना ६० दिवस नुसतं झोपवून ठेवलं होतं, डोकं सहा अंश खाली, पाय वर, खाणं, अंघोळ, संडास सगळं आडव्यानंच, आणि त्याचे साडेसोळा हजार युरो. वाचायला मस्त वाटतं, पण त्यांचीही हाडं-स्नायू अ‍ॅस्ट्रोनॉटसारखेच झिजतात, रक्त तसंच घटतं. आपल्या घरात आजी पडून खुब्याचं हाड मोडतं आणि ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी डॉक्टर तिला वॉकर धरून उभं करतात, आणि घरचे म्हणतात काय निर्दय माणूस आहे, तर त्यामागे हेच कारण आहे. म्हातारं माणूस महिनाभर अंथरुणाला खिळलं की ते जवळजवळ स्पेसमध्येच असतं, आणि त्याच्याकडे अ‍ॅस्ट्रोनॉटसारखी ठेवणीतली ताकद पण नसते.

मंगळाचा प्रश्न मला जास्त अवघड वाटतो. जायलाच सहा ते नऊ महिने, आणि उतरल्यावर स्ट्रेचर घेऊन कोणी उभं नसणार, स्वतःच उठून कामाला लागायचं. तिथे आपल्या ३८ टक्के ग्रॅव्हिटी आहे. ती हाडांना पुरेल की नाही याचा अनुभवच नाही कुणाकडे, कारण माणसानं आजवर अशा अर्धवट ग्रॅव्हिटीत घालवलेला सगळ्यात मोठा मुक्काम म्हणजे अपोलो १७ चे चंद्रावरचे तीन दिवस. मधलं सगळं कोरं.

आपल्या गगनयानला मात्र हाडांची चिंता करायचं काही कारण नाही, ठरलेली मोहीम फक्त तीन दिवसांची आहे, तेवढ्यात हाडाला काही होत नाही. पण गंमत बघा, ज्या तीन दिवसांत मळमळ आणि डोकं जड होण्याचा त्रास सगळ्यात जास्त असतो नेमके तेच तीन दिवस आपले लोक वर असणार, आणि मेंदू जुळवून घेतोय न घेतोय तोवर परत. म्हणजे मजा सुरू व्हायच्या आतच सुट्टी संपली. आणि उतरायचं आहे समुद्रात. कान अजून गोंधळलेले, अंगात रक्त कमी, आणि कॅप्सूल लाटांवर हेलकावे खातेय, नौदलाची माणसं येऊन काढेपर्यंत आत बसून राहायचं. स्पेस लागली नाही त्याला तिथे बोट लागेल.